भातातला लव्हाळा: आधी गाठ शोधा, मग औषध निवडा

बेळगावजवळच्या येळ्ळूर-वडगावच्या शिवारापासून खानापूरच्या पाणथळ खाचरांपर्यंत ‘लव्हाळा’ या एकाच नावाखाली निदान चार-पाच वेगळ्या वनस्पती भांगलल्या जातात. कोणी मोथा म्हणतं, कोणी नागरमोथा, शेजारच्या कन्नड घरात जेकू किंवा कोन्नारी गड्डे. नावांची सरमिसळ झाली तर फारसं काही बिघडत नाही. उपायांची झाली की मात्र भांगलणीची मजुरी आणि औषधाचे पैसे दोन्ही वाया जातात. कारण यातल्या काही जाती निव्वळ बियांवर जगतात आणि हंगाम संपला की मरतात, तर एक जात जमिनीखालच्या गाठींवर जगते आणि वरून कितीदाही कापली तरी पुन्हा उगवते. पहिल्या प्रकाराला खाचरातलं पाणी आवरतं, दुसऱ्याला एप्रिलचं ऊन. हा फरक शेतात उभं राहून कसा ओळखायचा आणि त्यावरून पुढची कामं कशी लावायची, ते इथे क्रमाने दिलं आहे.

गवत नव्हे, हे आधी पक्कं करा

लव्हाळे सायपेरस या प्रजातीत मोडतात. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव दिलं. आज या प्रजातीत जगभरात नऊशेच्या आसपास जाती धरल्या जातात. पूर्वी वेगळ्या मानलेल्या किलिंगा, पायक्रियस, मॅरिस्कस यांसारख्या प्रजाती अलीकडे तिच्यातच सामावून घेतल्यामुळे हा आकडा वाढला. इजिप्तमध्ये ज्याचा कागद करत तो पपायरस याच घराण्यातला, आणि बंगल्यांच्या हौदाकाठी लावतात ती छत्रीसारखी शोभेची वनस्पतीही.

ओळखायची पहिली खूण डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते. फुलोरा धरणारी दांडी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. गवताची काडी गोल असते, सहज फिरते. लव्हाळ्याची दांडी तीन धारांची असते, अडखळत फिरते. आता ती आडवी कापा. गवताची काडी पेरांच्या मधे बहुधा पोकळ असते. लव्हाळ्याची दांडी भरीव असते, आत पांढरा मऊ गर असतो, आणि बुडापासून फुलोऱ्यापर्यंत तिला एकही पेर नसतं. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळे वाचतात, त्यामागे ही रचनाही आहे. पेर नसलेली भरीव, लवचिक दांडी पाण्यासोबत आडवी होते, मोडत नाही, आणि पाणी उतरलं की बूड जागेवरच असतं.

फुलोरा यायच्या आधी, म्हणजे खरं काम असतं तेव्हा, पानांवरून ओळखावं लागतं. वरून सरळ खाली बघा. भाताची आणि गवताची पानं दोन बाजूंना, समोरासमोर निघतात. लव्हाळ्याची तीन बाजूंना निघतात, वरून त्रिकोणी चांदणी दिसते. पानाचं पातं दांडीपासून अलग करून सांध्यात बघा: भाताला तिथे पातळ पांढरा पापुद्रा आणि दोन केसाळ कान असतात. पाखडीला, म्हणजे भातासारख्याच दिसणाऱ्या गवताला, यातलं काहीच नसतं, पण तिचं आवरण एका बाजूने उघडं असतं. लव्हाळ्याचं आवरण नळीसारखं बंद असतं, ते सोलताना फाटतं.

तीन पानी काळातल्या रोपांसाठी दहापट दाखवणारं साधं भिंग खिशात ठेवा. ते नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघितलं तरी बरंच दिसतं.

सगळे त्रिधारी सायपेरस नसतात

आपल्या खाचरांत सायपेरसचे चुलतभाऊही असतात. सायपेरसच्या फुलोऱ्याच्या बुडाशी दोन-चार लांब हिरवी पानं छत्रीसारखी पसरलेली असतात आणि त्यांच्यामधून कमी-जास्त लांबीच्या दांड्या निघतात. प्रत्येक दांडीच्या टोकाला चपट्या कणसांचा झुपका असतो. एक कणीस तळहातावर ठेवून भिंगातून बघा. खवले वेणीसारखे बरोबर दोन ओळींत बसवलेले दिसतील. ही दोन ओळींची खूण सायपेरसची. खवल्याच्या आत फूल अगदी उघडं असतं, पाकळी नाही, केसही नाहीत, फक्त एक ते तीन पुंकेसर आणि बीजाचा दाणा.

कणीस गोलसर आणि खवले चक्राकार चढलेले असतील, पानं बुडाशी पंख्यासारखी चपटी असतील, तर ते फिंब्रिस्टायलिस. नुसती हिरवी काडी आणि तिच्या टोकाला एकच कणीस, पानाचं नाव नाही, तर एलिओकॅरिस. कणसांचा झुपका काडीच्या बाजूलाच फुटल्यासारखा दिसला तर शीनोप्लेक्टस. बीवर जगणाऱ्या लव्हाळ्याला जे पाणी-खुरप्याचं वेळापत्रक लागतं तेच फिंब्रिस्टायलिसलाही बरंचसं लागू पडतं. बाकीच्या दोघांची जागा बहुधा सतत पाणी साचणारा कोपरा असते. तिथे निचऱ्याची चर काढणं हा पहिला उपाय.

खाचरात सापडणाऱ्या जाती

सायपेरस डिफॉर्मिस. चिखलणी केलेल्या रोप-लावणीच्या भातात सर्वांत जास्त दिसणारी. मऊ दांडी, एक-दीड फूट उंची, आणि फुलोऱ्यात बोराएवढे किंवा त्याहून लहान घट्ट गोल गेंद, आधी हिरवट, मग काळपट तपकिरी. मुळं तंतूसारखी, गाठ नाही. हिचा वेग लक्षात ठेवा: उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात बी तयार होतं, तेही धुळीएवढं बारीक आणि एका झाडावर हजारोंनी. पहिली भांगलण उशिरा झाली, तर तुम्ही उपटता ते झाड आधीच बी टाकून मोकळं झालेलं असतं.

सायपेरस इरिया. धूळवाफ पेरणीच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरलेल्या, आणि पाणी न साचणाऱ्या वरच्या खाचरांची. दांडी टणक आणि धारदार, फुलोरा मोकळा आणि फांद्यांचा, कणसं पिवळसर तपकिरी, खवल्यांची टोकं एकमेकांपासून सुटी दिसतात. मुळं पिवळसर लाल. ही उन्हाळी चालीची वनस्पती आहे. मका-उसासारखी कडक उन्हात जोराने वाढते आणि सावलीत रडते. तिला आवरण्याच्या उपायात याचा उपयोग होतो.

सायपेरस रोटुंडस. हाच खरा नागरमोथा. पानं गडद हिरवी, चकचकीत. फुलोरा लालसर जांभळट तपकिरी. दांडीचं बूड कांद्यासारखं फुगलेलं, त्यातून बारीक दोऱ्यासारखी खोडं जमिनीत जातात आणि त्यांवर माळेतल्या मण्यांसारख्या गाठी बसतात. कोवळी गाठ पांढरी, जुनी काळपट आणि केसाळ, कापली की सुगंध येतो. बी तयार झालं तरी त्यातून उगवण जवळपास होत नाही. सगळा कारभार गाठींचा.

सायपेरस हॅस्पान ओढ्याकाठच्या सततच्या चिखलात असते. पानं जवळजवळ नसतात, कणसं बोटांसारखी पसरलेली लालसर. सायपेरस कॉम्प्रेसस बांधावर आणि वाटेवर, रुंद चपट्या हिरव्या कणसांची. बांधावरच एकच हिरवा गोळा डोक्यावर घेतलेली बुटकी वनस्पती दिसते, ती पूर्वीची किलिंगा. या तिघी भाताला फारसा त्रास देत नाहीत.

पहिलं काम: मातीसकट खणा

ओळखण्यात सर्वांत जास्त चूक इथे होते. ओल्या मातीतून लव्हाळा हाताने ओढला की नागरमोथ्याचा दोरा गाठीजवळ तुटतो आणि हातात नुसती तंतुमुळं येतात. मग ‘याला गाठ नाही, हा बीवरचा’ असा निष्कर्ष निघतो आणि पुढची सगळी आखणी चुकते.

ओढू नका. खुरप्याने झाडाभोवती वीतभर रुंद आणि वीतभर खोल मातीचा गड्डा काढा, बादलीत दहा मिनिटं भिजवा, मग माती हलक्या हाताने सुटी करा. एका खाचरात किमान पाच ठिकाणी असं करा: मध्यभाग, पाणी आत येण्याची जागा, पाणी बाहेर जाण्याची जागा, बांधाकडेची ओळ आणि सर्वांत उंच कोपरा. उंच कोपऱ्यात नागरमोथा आणि इरिया, खोलगट जागी डिफॉर्मिस, अशी विभागणी बरेचदा निघते. कागदावर खाचराचा चौकोन काढून तिथे ‘गाठ’ किंवा ‘बी’ लिहून ठेवा. एकाच खाचराच्या दोन टोकांना दोन वेगळे उपाय करावे लागतील.

बीवरच्या लव्हाळ्यासाठी: पाणी आणि पहिला महिना

डिफॉर्मिस आणि इरिया यांचं बी इतकं बारीक असतं की जमिनीच्या अगदी वरच्या थरातूनच ते उगवू शकतं, आणि त्याला उजेड लागतो. खोल गाडलेलं बी उगवत नाही, पण मरतही नाही. पुढच्या वर्षी नांगराने वर आणलं की उगवतं. त्यामुळे ज्या खाचरात गेल्या वर्षी डिफॉर्मिसचा गालिचा झाला होता, तिथे यंदा खोल नांगरट झाली तर पुढची दोन-तीन वर्षं वरवरची मशागत ठेवणं शहाणपणाचं.

रोप लावणीच्या भातात:

खाचर सपाट करा. ही सूचना सगळे ऐकतात आणि फळी फिरवताना घाई करतात. चार बोटांचा उंचवटा राहिला की तिथे पाणी टिकत नाही, आणि चिखल ओला पण उघडा राहतो. डिफॉर्मिसला याहून चांगली जागा नाही. पहिल्या चिखलणीनंतर सात ते दहा दिवस थांबा, उगवलेलं दुसऱ्या चिखलणीत गाडा, मग लावण करा.

लावणीनंतर रोप सावरलं की दोन इंच, म्हणजे ५ सेंटिमीटर, पाणी धरा आणि महिनाभर ते हलू देऊ नका. उभ्या पाण्याखाली इरियाची उगवण जवळपास थांबते. डिफॉर्मिस उथळ पाण्यातही थोडी उगवते, म्हणून पाणी एकदा पूर्ण आटू दिलं की पुढचा फेरा सुरू होतो.

उगवणीपूर्वीचं तणनाशक वापरायचं असेल तर लावणीनंतर तिसऱ्या दिवसाच्या आत: प्रेटिलाक्लोर ५० ईसी एकरी ६०० मिली, किंवा बेन्सल्फ्युरॉन मिथाइल ०.६ टक्के अधिक प्रेटिलाक्लोर ६ टक्के हे दाणेदार एकरी ४ किलो. दाणेदार औषध कोरड्या वाळूत मिसळून फेकलं की सगळीकडे सारखं पडतं. दोन्हींना खाचरात पाण्याचा थर लागतो, आणि तो थर दोन-तीन दिवस बांध फोडून जाऊ न देणं हे औषधाच्या मात्रेइतकंच महत्त्वाचं. मुसळधार पावसात खाचर भरून वाहिलं तर औषध शेजाऱ्याच्या खाचरात आणि तिथून नाल्यात जातं. बेळगावजवळच्या बळ्ळारी नाल्याच्या पुरात दरवर्षी भिजणाऱ्या खाचरांना म्हणून हा उपाय बेभरवशाचा. तिथे पंधरा-वीस दिवसांनी फवारणी किंवा यंत्र हाच मार्ग.

यंत्र म्हणजे कोनोवीडर, ओळींमधून हाताने ढकलायचं. रोप चौकोनी २५ बाय २५ सेंटिमीटरवर लावलेलं असेल तर लावणीनंतर १० ते १२ दिवसांनी पहिला फेरा, पुढे तितक्याच अंतराने दुसरा-तिसरा. लव्हाळा दोन-तीन पानी असतानाच तो चिखलात गाडला जातो. पाच पानी झाला की यंत्राच्या पुढे वाकतो आणि मागे पुन्हा उभा राहतो.

धूळवाफ पेरणीत खेळ वेगळा. मे अखेर, रोहिणी-मृगाच्या सुमाराला कुरीने पेरलेलं भात आणि लव्हाळा एकाच पावसावर उगवतात, आणि पाणी धरायला खाचरात चिखल नसतो. पहिले ४० दिवस पिकाचं नशीब ठरवतात. इथे वळीव पावसाचा फायदा घ्या. एप्रिल-मेमध्ये एक-दोन वळीव झाले की उगवू द्या, दहा-बारा दिवसांनी कुळवाच्या दोन इंच खोलीच्या पाळीने मोडा, पेरणी त्यानंतर. पेरणीनंतर तीन दिवसांत पेंडीमिथॅलिन ३० ईसी एकरी १.३ लिटर ओल्या जमिनीवर मारलं तर गवतं आवरतात. लव्हाळ्यावर मात्र त्याची पकड कमी असते, आणि नागरमोथ्यावर जवळपास नाहीच. ‘पेंडी मारलं आणि नुसता लव्हाळाच उरला’ ही तक्रार त्यामुळेच येते. ओळींतून कोळपणी विसाव्या दिवसाच्या आत एकदा आणि पस्तिसाव्या दिवसाच्या आत दुसऱ्यांदा.

उगवणीनंतरची फवारणी: मात्रा आणि मोजमाप

बिस्पायरिबॅक सोडियम १० टक्के एससी, एकरी ८० ते १०० मिली, लावणीनंतर १५ ते २५ दिवसांत, लव्हाळा दोन ते चार पानी असताना. आधी खाचरातलं पाणी सोडून तणाची पानं उघडी करा. फवारणीनंतर दोन-तीन दिवसांनी पाणी परत घ्या आणि पाच-सात दिवस ठेवा. पाण्याखाली बुडालेल्या लव्हाळ्यावर औषध पडतच नाही, आणि पाणी परत घेतलं नाही तर नवं बी उगवतं. बहुतेक वेळा यातलं दुसरं पाऊल विसरलं जातं.

लव्हाळा आणि रुंद पानांची तणं जास्त, गवत कमी असेल तर मेटसल्फ्युरॉन मिथाइल १० अधिक क्लोरिम्युरॉन इथाइल १० टक्के, एकरी फक्त ८ ग्रॅम, २० ते २५ दिवसांनी. आठ ग्रॅम डोळ्यांच्या अंदाजाने कधीही टाकू नका. पुडी १.२ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि १६ लिटरच्या प्रत्येक पंपात त्यातलं १०० मिली घाला. बारा पंपांत बरोबर एकर होतं.

हे बारा पंप तरी बरोबर आहेत का, ते आधी नुसत्या पाण्याने तपासा. ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठा दोरीने आखा, नेहमीच्या चालीने साध्या पाण्याने फवारा, किती लिटर लागलं ते मोजा, चाळीसने गुणा. गुंठ्याला ५ लिटर लागले म्हणजे एकरी २०० लिटर, ठीक आहे. ३ लिटरच लागले तर एकराला साडेसात पंपच पुरतात आणि त्या हिशेबाने प्रत्येक पंपातलं औषध वाढवावं लागतं, नाहीतर अर्ध्याहून थोडी जास्तच मात्रा पडते. अशा अपुऱ्या मात्रेने लव्हाळा पिवळा पडून परत हिरवा होतो. नोझल चपट्या पंख्याचं हवं. कीटकनाशकाचं पोकळ शंकूचं नोझल धुकं उडवतं. मात्रांबद्दल शंका आली तर डब्यावरचं लेबल अंतिम माना, आणि कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारा.

२,४-डी सोडियम क्षार ८० टक्के, एकरी ४०० ते ५०० ग्रॅम, हे जुनं आणि स्वस्त औषध बीवरच्या लव्हाळ्यावर आजही चालतं. पण वाऱ्यावर ते मिरची, टोमॅटो, सोयाबीन, तंबाखू यांची पानं वेडीवाकडी करतं. भाजीपाल्याच्या शिवारात आणि निपाणीच्या तंबाखूच्या शेजारी ते घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. भाताला पोटरी धरायच्या आधीच ते संपवावं लागतं.

औषधं बदलून वापरा, हे सगळे सांगतात. मात्र नाव बदलणं म्हणजे औषध बदलणं नव्हे. बिस्पायरिबॅक, बेन्सल्फ्युरॉन, पायरॅझोसल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉन, क्लोरिम्युरॉन, उसातलं हॅलोसल्फ्युरॉन, ही सगळी वनस्पतीतल्या एकाच विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतात. दुकानातून दरवर्षी वेगळा डबा आणूनही लव्हाळ्याला तोच मार बसत असतो, आणि त्यातून वाचलेली झाडं बी टाकतात. छत्तीसगडच्या भातशेतीत बिस्पायरिबॅकला न जुमानणारी डिफॉर्मिस नोंदवली गेली आहे. एक वर्ष यातलं घेतलं तर पुढच्या वर्षी प्रेटिलाक्लोर अधिक कोनोवीडर, असा खरा बदल करा.

आणखी एक इशारा खास आपल्यासाठी, कारण भातानंतर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरला जातो. मेटसल्फ्युरॉनच्या गटातली औषधं आम्लधर्मी मातीत लवकर विघटित होतात, चुनखडीच्या विम्लधर्मी काळ्या मातीत हळू. खानापूरच्या तांबड्या मातीत जी मात्रा निभावते, तीच दुप्पट होऊन पूर्वेकडच्या काळ्या रानात पडली तर मसुराची रोपं खुजी राहू शकतात.

नागरमोथ्यासाठी: एप्रिलचं ऊन आणि तीन आठवड्यांचं घड्याळ

गाठींची माळ अशी काम करते. माळेतल्या टोकाच्या गाठीचा कोंब वर येतो आणि तोवर बाकीच्या गाठी झोपून राहतात. नांगराने माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र होते आणि उगवते. एकदाच नांगरून सोडलं तर लव्हाळा वाढतो तो यामुळेच. पण हीच गोष्ट फायद्याची करता येते: सगळ्या गाठींना एकदम उगवायला लावायचं आणि त्यांनी नव्या गाठी धरायच्या आत मोडायचं. कोंब वर आल्यापासून तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात. म्हणून दोन पाळ्यांत तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडू देऊ नका.

बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये असतात, काही फूटभर खाली. गाठीतलं पाणी उन्हाने गेलं की ती मरते. क्रम असा:

रब्बीचं कडधान्य निघाल्यावर, मार्चमध्ये जमिनीत थोडी ओल असतानाच पलटी नांगराने २० सेंटिमीटर खोल नांगरा. ढेकळं तशीच दहा-पंधरा दिवस तापू द्या. मग आडवी फणपाळी: ढेकळातल्या गाठी सुट्या होऊन वर येतात. ढेकळाच्या पोटात राहिलेली गाठ महिनाभरही तग धरते, म्हणून ही पाळी टाळू नका. पुन्हा दहा-बारा कोरडे दिवस. वर आलेल्या गाठी दाताळ्याने ओढून बांधाबाहेर वाळवा आणि जाळा. शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, त्या तिथे मरत नाहीत आणि खताबरोबर सगळ्या रानात जातात.

रोटाव्हेटर इथे शत्रू आहे. तो माळेचे तुकडे करून बारीक मातीत परत मिसळतो. उन्हात काहीच उघडं राहत नाही. भुसभुशीत सुंदर रान दिसतं आणि पहिल्या वळिवाला हिरवं होतं.

वळीव पडला की उरलेल्या गाठी आठ-दहा दिवसांत कोंब काढतात. तीन-चार पानं झाली की कुळवाने मोडा; पुढच्या वळिवानंतर परत. प्रत्येक मोडणीला गाठीतला साठा घटतो. एका उन्हाळ्यात रान साफ होत नाही. दोन उन्हाळे सलग केलं तर फरक स्पष्ट दिसतो.

सावली हा दुसरा उपाय. नागरमोथाही कडक उन्हाचा भुकेला. पाण्याची सोय असेल तर एकरी २० ते २५ किलो ताग दाट पेरून ४५ दिवसांनी, फुलं यायच्या आधी गाडा. खाचरात चिखलणी करून महिनाभर पाणी धरल्यानेही तो दबतो, पण गाठी मरत नाहीत. नोव्हेंबरात पाणी हटून मसूर पेरला की परत येतो. भातात दिसला नाही म्हणून संपला असं समजू नये.

तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं तयार करायच्या, वाफ्यासाठी, जागा लहान असल्याने, पारदर्शक प्लास्टिक परवडतं. वाफा भिजवा, २५ मायक्रॉनचा पारदर्शक कागद मातीला चिकटवून अंथरा, चारी कडा मातीत गाडा, एप्रिल-मेमध्ये सहा आठवडे ठेवा. बीवरची तणं यात बरीचशी मरतात, गाठींचं प्रमाण कमी होतं. काळा मल्चिंग पेपर मात्र नागरमोथ्याचा कोंब सरळ भोसकून वर येतो. कडोली-उचगावकडच्या बटाट्याच्या रानात तर हा टोकदार कोंब बटाट्यातूनच आरपार जातो, आणि तो माल बाजारात वेगळा निघतो.

निपाणी, चिकोडी, हुक्केरीच्या उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के, एकरी ३६ ग्रॅम, हे नागरमोथ्यावरचं खरं कामाचं औषध. बारा पंपांत प्रत्येकी ३ ग्रॅम. लव्हाळा तीन ते पाच पानी, जमीन ओली आणि पुढचे काही तास पाऊस नको. फवारणीनंतर आठ-दहा दिवस कोळपू नका, कारण औषध पानातून गाठीपर्यंत उतरायला वेळ लागतो. आठवड्याने पिवळेपणा, तीन आठवड्यांनी मर. चौथ्या दिवशी ‘काही झालं नाही’ म्हणून दुसरी फवारणी करू नका. उसात सोयाबीन, भुईमूग किंवा भाजीचं आंतरपीक असेल तर हे औषध नकोच. आणि नुसतं पान जाळणाऱ्या औषधाने दोन दिवसांत रान काळं पडलेलं बघून समाधान मानू नका. गाठ खाली शाबूत असते.

नवीन रानात तो येतो कसा, तेही बघा. भाड्याच्या ट्रॅक्टरच्या नांगराला चिकटलेल्या मातीतून, रोपांच्या पिशव्यांतून, उसाच्या बेण्याबरोबर आलेल्या मातीतून आणि नाल्याच्या पुरातून. ट्रॅक्टर रानात शिरण्यापूर्वी फाळ आणि चाकं बांधावर खरवडून घेण्याचा आग्रह धरा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

गाठी कामाला येतात त्या

उटण्यातला आणि काढ्यातला नागरमोथा म्हणजे हीच गाठ, आयुर्वेदात मुस्ता. तापात देतात त्या षडंगपानीयाच्या सहा द्रव्यांत ती आहे, आणि पाणथळ जागची मुस्ता चांगली मानतात. घरच्यापुरत्या गोळा करायच्या असतील तर पान पिवळं पडल्यावर, डिसेंबर-जानेवारीत खणा. धुऊन, केस हलक्या आचेवर पोळवून, चोळून, सावलीत आठवडाभर आणि मग उन्हात दोन दिवस वाळवा. नखाने दाबल्यावर खूण उठली नाही आणि मोडताना कट्कन आवाज आला की भरून ठेवा. तणनाशक मारलेल्या रानातल्या, गावाच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठच्या गाठी अजिबात घेऊ नका.

ओढ्याच्या काठावर उगवलेल्या लव्हाळ्याला हात लावायचं कारण नाही. कणकुंबी-देगावच्या बाजूला मलप्रभा आणि म्हादईच्या उगमाकडचे ओहोळ आहेत. तिथला काठ हीच मुळं धरून ठेवतात. फवारणी नाल्यापासून निदान पाच-सहा पावलं आत थांबवा आणि पंप नाल्यात धुऊ नका.

कापणीनंतरची मोजणी

नोव्हेंबरात भात निघालं की नागरमोथ्याची नोंद असलेल्या जागी एक फूट लांब, एक फूट रुंद, अर्धा फूट खोल खड्डा काढा. माती चाळा, गाठी मोजा. त्यातल्या वीस गाठी ओल्या गोणपाटात गुंडाळून घरात उबदार जागी पंधरा दिवस ठेवा आणि किती कोंब फुटले ते बघा. सुकलेली, आत तपकिरी पडलेली गाठ मेलेली. कापल्यावर पांढरी असेल पण कोंब नसेल तर ती झोपलेली, तिला जिवंतच धरा. दोन्ही आकडे खाचराच्या त्याच कागदावर तारखेसह लिहा, आणि पुढच्या नोव्हेंबरात खड्डा पहिल्या जागेपासून हातभर अंतरावर घ्या.